साल

कोपरखैरण्याला शशीधरन वेफर्स तळतो.
संध्याकाळी सातला त्याच्या मागच्या दाराशी
मी गोणी घेऊन उभी.
'गाय पाळली काय, मॅडम?'
म्हटलं नाही, पीएच.डी.
तो म्हणाला, 'मग रोज लागेल.'

कच्च्या केळ्याची साल. धुवायची,
चीक सुटेपर्यंत परत परत धुवायची,
गच्चीत जुन्या साडीवर पसरायची
(कबुतरं तिला चोच लावत नाहीत, तेवढं एक बरं),
मग कॉलेजच्या ओव्हनमध्ये रात्रभर,
मग मिक्सर, मग चाळण.
उरते ती तपकिरी पूड.
बाबा चिमूटभर उचलून नाकाशी नेतात,
म्हणतात, 'तपकीर झकास आहे.'

घरभर वास. आंबूस, ओल्या पोत्यासारखा.
खालच्या बिर्जेबाईंनी सोसायटीत अर्ज दिला.
बाबांची तक्रार नाही.
त्यांना एक्क्याण्णव सालापासून
कसलाच वास येत नाही.

रबाळ्याच्या प्लेटिंग शॉपमध्ये
ते पितळी नळ पिवळ्या टाकीत बुडवायचे
आणि वर काढायचे आरसे.
टाकीवर सदा धुकं असायचं, बारीक.
आधी शिंका आल्या, मग खपल्या, मग रुमालावर रक्त,
आणि एक दिवस डॉक्टरनं एका नाकपुडीत बॅटरी धरली
तर उजेड दुसरीतून बाहेर पडला.
बाबा हे अजून पाहुण्यांना कौतुकानं सांगतात.

भरपाईच्या अर्जात एक रकाना होता:
आजार सुरू झाल्याचे साल.
तो तसाच कोरा राहिला.
भोक पडल्यावर भोक दिसतं.
त्याआधीची सगळी वर्षं
सर्दीच्या खात्यात.

प्रयोगशाळेत थेंब टाकला
की पाणी जांभळं होतं.
जितकं गडद, तितकं क्रोमियम.
साल घालून दोन तास घुसळलं,
गाळलं, पुन्हा थेंब टाकला.
फिकट. अगदी धुतल्या जांभळासारखंही नाही.
चौऱ्याण्णव टक्के!
शशीधरनला पेढा नेला.

मग रबाळ्याच्या पुलाखालून
नाल्याचं खरं पाणी आणलं.
त्यात तेल, साबण, लोखंड, कुणाकुणाचे रंग.
सगळे सालीवर आधीच जागा धरून बसले,
क्रोमियम दारात उभं.
एकसष्ट.
सर म्हणाले, सारांशात पहिला आकडा घाल.
घातला.
दुसराही घातला. त्यावर अजून बोलणं चालू आहे.

बाबांना समजावलं:
शोषण म्हणजे आत ओढून घेणं,
अधिशोषण म्हणजे नुसतं अंगावर धरून ठेवणं.
ते म्हणाले, 'आमच्याकडे दोन्ही पाळ्यांत चालायचं.'

काल इस्त्रीचा शर्ट घालून ते कॉलेजात आले.
वॉचमनच्या वहीत लिहिलं:
एकनाथ रामा शेडगे. काम: पाणी बघणे.
पाणी बघून झालं. मग त्यांना टेबलाखालच्या बरण्या दिसल्या.
वापरलेली साल, चिठ्ठ्या लावलेली,
अकरा बरण्या.
'ही आता कुठं टाकणार?'
म्हटलं, आम्लात धुतली की धातू सुटतो,
साल परत वापरता येते, तीन-चार खेपा.
'आणि ते धुतलेलं पाणी?'

शेकर फिरत होता. मी त्याचा वेग उगाच कमी केला.

बाबा बेसिनशी गेले. हात धुतले.
नळ बंद केला, अंगठ्यानं घासून पाहिला,
चष्मा वर करून जवळ वाकले.
मुलामा उडाला होता, खालचं पितळ दिसत होतं.
'हा आमचा नव्हे,' म्हणाले,
'आमच्या नळाची साल
अशी निघायची नाही.'